बालवर्गातले वाचन-लेखन : हाताने करायच्या कोणत्या कृतींचा खरोखर उपयोग होतो?

अक्षरवेल

नमस्कार. मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या बालवाडीत मोठा गट शिकवते. मुले पाच ते सहा वर्षांची आहेत, मदतीला एक मावशी आहेत आणि साहित्यासाठी मिळणारी रक्कम अप्पा बळवंत चौकातल्या एका फेरीतच संपते.

वाचन-लेखनाच्या पूर्वतयारीसाठी हाताने करायच्या कृतींची आज अजिबात कमतरता नाही. अक्षरात कापूस चिकटवा, डाळी लावा, बोटाचे ठसे उमटवा, रव्यात गिरवा, असे रोज काही ना काही कोणीतरी पाठवत असते. त्यातल्या बऱ्याच कृती मुळात इंग्रजी अक्षरांसाठी रचलेल्या असतात आणि तिथे ए काढून अ बसवला की झाले, असे समजले जाते. मला विचारायचे आहे ते असे, की यांपैकी कोणत्या कृती मुलाला वाचण्या-लिहिण्याकडे नेतात आणि कोणत्या केवळ अर्धा तास मजेत घालवतात? पालकांना मात्र भरलेली वही हवी असते. त्यामुळे मी जे करीन त्याचे उत्तर मला त्यांनाही द्यावे लागते. शक्यतो देवनागरीपुरते आणि स्वतः करून पाहिलेले लिहावे, ही विनंती.

पेठकर_आजोबा

प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे जुनी पद्धत निरुपयोगी होती. आम्ही पाटीवर ग म भ न गिरवले, बाराखडी घोकली, मास्तरांनी हात धरून वळण दिले आणि आमच्या पिढीचे अक्षर आजही वाचता येते. पाटी हीसुद्धा हाताने करायचीच कृती आहे. पुसून पुन्हा लिहिता येते, कागद वाया जात नाही आणि चूक कोणाला दिसत नाही. रवा, कापूस आणि डाळी स्वयंपाकघरात राहू द्याव्यात.

तिरकस

आजोबांशी सहमत. शिवाय पुण्यातल्या मुलांना वेगळ्या वाचनसाहित्याची गरजच काय? पेठांतून एक फेरी मारली की 'येथे वाहने लावू नयेत', 'दारावरची घंटा एकदाच वाजवावी' आणि 'पत्ता विचारू नये' एवढा मजकूर फुकट मिळतो. विनंत्यांपासून धमक्यांपर्यंत सगळे वाङ्मयप्रकार त्यात आले.

ओवी_क

तिरकस यांनी विनोदाने लिहिले असले तरी त्यात तथ्य आहे. माझ्या मुलीने पहिला शब्द वाचला तो पुस्तकातला नव्हता, तर आमच्या सोसायटीच्या उद्वाहनातला 'बंद' होता, कारण त्या शब्दाचा अर्थ तिला पाच जिने चढून कळला होता.

डोंगरशाळा

मी मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. आमच्याकडे बालवाडीतून आणि अंगणवाडीतून मुले येतात, त्यामुळे पूर्वतयारी कुठे झाली आहे आणि कुठे नाही, हे जूनमध्येच दिसते.

आजोबांच्या पाटीला माझा विरोध नाही, प्रश्न ग म भ न या क्रमाचा आहे. हा गट अक्षरांच्या आकारसाम्यावर बांधलेला आहे आणि हाताला वळण लावण्यासाठी तो चांगलाच आहे. परंतु एवढ्याच अक्षरांतून शब्द करायला बसलो तर नभ, गगन, नग असे शब्द हाती येतात आणि पाच वर्षांचे कोणते मूल घरी 'आई, नभ बघ' असे म्हणते? त्याऐवजी क, म, ल, र, आ ही अक्षरे आणि सोबत काना एवढेच घेतले, तर काका, मामा, लाल, काम, मला, कमाल हे शब्द होतात आणि लगेच 'मामा काल आला' असे पूर्ण वाक्य होते. सगळी मुळाक्षरे संपल्यावर काना, काना संपल्यावर वेलांटी, असे थांबत बसावे लागत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाबाबत जे काम केले, त्यातही थोडी अक्षरे आणि काना घेऊन मुलाला लवकर अर्थपूर्ण शब्दांपर्यंत नेण्यावर भर आहे.

आता हाताच्या कृतीबद्दल. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर अक्षरे लिहून कार्डे करतो आणि काना वेगळ्या रंगाच्या पट्टीचा ठेवतो. मूल 'कम' मांडते, मध्ये पट्टी सरकवते आणि 'काम' म्हणते, पट्टी उचलली की पुन्हा 'कम'. पेन्सिल धरता न येणारे मूलसुद्धा अशा रीतीने शब्द रचू शकते. माझ्या मते बालवर्गातली सर्वांत उपयोगी कृती हीच आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

निशिगंध

मी मुलांसाठी व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपीचे) काम करते, त्यामुळे माझा मुद्दा हाताचा आहे.

पेन्सिल नीट धरण्यासाठी तीन बोटांची चिमूट, मनगटाची स्थिरता आणि खांद्याची ताकद लागते आणि ही ताकद वहीवर येत नाही. मटार सोलणे, कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे लावणे, मणी ओवणे, ओले फडके पिळणे या सगळ्या कामांतून ती येते. उभ्या पृष्ठभागावर काम दिले तर मनगट आपोआप योग्य कोनात राहते, म्हणून रंगकामाचा जाड ब्रश आणि पाण्याची बादली देऊन मुलांना अंगणाच्या भिंतीवर मोठमोठ्या रेषा, वाट्या, गोल आणि गाठी काढू द्याव्यात. पाणी वाळते आणि भिंत पुन्हा कोरी होते. सपाट जमिनीवर खडूने हातभर अक्षर काढून त्यावर जिथे सुरुवात होते तिथून चालत जाणे हीसुद्धा चांगली कृती आहे, कारण अक्षराची दिशा आधी पूर्ण शरीराला कळते.

आणखी एक गोष्ट. या वयात अक्षरे उलटी, म्हणजे आरशात दिसतील तशी काढणे अगदी सर्रास आढळते आणि ते बहुतेक मुलांमध्ये सहा-सात वर्षांपर्यंत आपोआप कमी होते. त्यावर लाल शाईने फुली मारू नये. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजव्या हाताकडे वळवू नये, फक्त त्याची वही थोडी उजवीकडे झुकवून ठेवावी आणि शेजारच्या मुलाच्या कोपराशी त्याची टक्कर होणार नाही असे बसवावे.

पेठकर_आजोबा

आमच्या वेळी डावऱ्यांना उजवे करत असत आणि ते योग्य नव्हते, एवढे मी मान्य करतो. मटारांच्या बाबतीत मात्र आमच्या घरी सोलण्यापेक्षा खाण्याचाच सराव अधिक होईल.

सावली_एरंडवणे

कापूस आणि डाळी चिकटवण्याच्या कृतींवर स्पष्टच लिहिते, कारण मूळ प्रश्नाचा गाभा तोच आहे असे मला वाटते. अ च्या पोकळ आकारात कापूस भरताना मूल कुठूनही सुरुवात करते, त्यामुळे अक्षराची दिशा शिकत नाही. तोंडाने अ चा उच्चार होत नाही, त्यामुळे आवाजाशी जोड लागत नाही. आणि त्या अक्षराने कोणताही शब्द होत नाही, त्यामुळे अर्थही येत नाही. मूल फक्त चिकटवायला शिकते. चिकटवणे वाईट नाही, परंतु त्याला लेखनाची पूर्वतयारी म्हणू नये. बऱ्याच ठिकाणी ही कृती मुलांसाठी नसतेच. ती पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवायच्या छायाचित्रासाठी असते आणि अर्धे काम ताईंनी पूर्ण केलेले असते.

याउलट खरबरीत अक्षरांची कल्पना पाहा. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. पॉलिश पेपरची अक्षरे कापून गुळगुळीत पाटीवर चिकटवायची, मुलाने त्यावरून दोन बोटे लिहिण्याच्या दिशेनेच फिरवायची आणि त्याच क्षणी त्या अक्षराचा उच्चार करायचा, ही त्यांचीच पद्धत. दिसायला कापसाच्या अक्षरासारखीच वाटणारी ही कृती डोळा, बोट आणि कान एकाच वेळी कामाला लावते. त्यांच्या अनुभवात मुले आधी सुट्या अक्षरांनी शब्द रचू लागली आणि वाचन त्यानंतर आले.

आपल्याकडे हे सगळे परदेशी आणि महाग म्हणून सोडून द्यावे लागले नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात ताराबाई मोडक यांना जाते. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, तिथे ताराबाईंनी त्यांच्याबरोबर काम केले आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांतूनच साहित्य उभे केले. पुण्यात शिंपले मिळणार नाहीत, पण चिंचोके, सागरगोटे आणि गुंजा मंडईच्या परिसरात अजून मिळतात. फक्त गुंजा विषारी असतात, त्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

कोथरूडचा_बाबा

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात सीनियर केजीत आहे. शाळेत फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायची पद्धत चालते आणि घरी आम्ही मराठी शिकवतो. तो मराठीतही 'कमल' हा शब्द 'क, म, ल' असा तीन तुकड्यांत वाचतो आणि एकत्र म्हणायला सांगितले की गोंधळतो. यावर काही हाताची कृती आहे का? शिवाय तक्त्यावर ऐ ऐरणीचा आणि औ औताचा आहे. ऐरण कुठे दाखवायची? आमच्याकडे भोसरीच्या कारखान्यात नोकरी करणारे मामा आहेत, पण त्यांच्याकडेही नाही.

तिरकस

औतासाठी हिंजवडीला न्या. वाहतूक ज्या वेगाने सरकते, त्यावरून त्याला कल्पना येईल.

डोंगरशाळा

कोथरूडचा_बाबा, तुमच्या मुलाचा गोंधळ स्वाभाविक आहे. सुटे असताना प्रत्येक व्यंजन आपण अ मिसळून म्हणतो, पण शब्दाच्या शेवटचा अ बोलताना गळतो. 'घ' आणि 'र' वेगवेगळे म्हटले तर त्यांतून बोलण्यातले 'घर' आपोआप निघत नाही. म्हणून दोन कार्डे एकमेकांपासून वीतभर लांब ठेवावीत, प्रत्येकाला बोट लावत म्हणावे, मग कार्डे थोडी जवळ आणावीत आणि वेग वाढवावा. कार्डे एकमेकांना चिकटतील तेव्हा मूल स्वतःच 'घर' म्हणते. सुरुवात मात्र काना असलेल्या शब्दांनी केली तर अधिक सोपे जाते, कारण 'काका', 'मामा', 'माळा' यांत शेवटचा स्वर गळत नाही.

याच कारणाने टाळ्या वाजवून शब्द तोडण्याच्या खेळात शब्द निवडताना काळजी घ्यावी. 'भाकरी' या शब्दाला मुले 'भाक-री' अशा दोन टाळ्या देतात आणि ती बरोबरच असतात, कारण आपण तसेच बोलतो. अक्षरे मात्र तीन असतात. ताई तीन टाळ्यांचा आग्रह धरतात आणि मुलाला कळत नाही की आपले काय चुकले.

सावली_एरंडवणे

ऐरणीवर उपाय सोपा आहे. तक्ता भिंतीवरून काढावा आणि मुलांकडूनच वर्गाचा तक्ता करून घ्यावा. ऐ साठी कोणाच्या तरी वर्गात ऐश्वर्या असतेच. आमच्या गटात भ ला भटजी नको म्हणून मुलांनी भुभू काढला होता.

मुठाकाठ

चर्चा रंगली आहे, पण मला मूळ भूमिकेवरच आक्षेप आहे. पाच वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायची घाई कशासाठी? मुलाला गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, मातीत खेळू द्यावे, वाचन सहाव्या-सातव्या वर्षी होईलच. कृती मजेदार केली म्हणून घाईचे स्वरूप बदलत नाही, फक्त तिच्यावर रंगीत कागद चढतो.

निशिगंध

मुठाकाठ, घाई नको याबद्दल दुमत नसावे. परंतु शासनाची अपेक्षाही तुम्ही समजता तेवढी अवास्तव नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचे वय सहा पूर्ण आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाच्या अखेरीस एवढेच अपेक्षित आहे की मुलाने अक्षरे आणि त्यांचे आवाज ओळखावेत आणि दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत. पूर्ण बाराखडी, जोडाक्षरे आणि चार ओळींचे शुद्धलेखन त्यात कुठेही नाही. अक्षरवेल ताईंनी पालकांना हेच दाखवावे, कारण वह्या भरण्याचा आग्रह बहुधा शेजारच्या मुलाची वही पाहून आलेला असतो.

मुठाकाठ

हे ठाऊक नव्हते. तरीही गोष्टींवरचा माझा आग्रह कायम आहे. ज्या मुलाने शंभर गोष्टी ऐकलेल्या नाहीत, त्याला अक्षरे कळली तरी पुढे वाचण्यासारखे काही वाटणार नाही.

ओवी_क

मुठाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. गोष्ट ऐकणे आणि हाताची कृती यांत वैर मानण्याचे कारण नाही. आमच्या बालवाडीत गोष्ट झाली की मुले चित्र काढतात, मग प्रत्येक मूल ताईंना चित्राबद्दल एक वाक्य सांगते आणि ताई ते त्याच्या समोर, त्याच्याच शब्दांत, सावकाश म्हणत चित्राखाली लिहितात. 'हत्तीला शिंक आली' असे वाक्य मूल दुसऱ्या दिवशी बोट ठेवून वाचते, म्हणजे खरे तर आठवून म्हणते. पण त्यात त्याला कळते की आपण बोललेले कागदावर राहते आणि कोणी केव्हाही वाचले तरी तेच निघते. वाचनाकडे जाणारी वाट माझ्या मते इथून सुरू होते, खरबरीत अक्षरापासून नव्हे.

गोष्टींसाठी स्वस्त सोय हवी असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट, पुण्याचे ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तके आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि छापूनही घेता येतात.

पेठकर_आजोबा

मुलाने बोललेले लिहून दाखवण्याची कल्पना मला आवडली. आमच्या नातवाने परवा सांगितलेले वाक्य 'आजोबा सारखे रागवतात' असे असल्यामुळे ते लिहावे की नाही, यावर घरी मतभेद आहेत.

सावली_एरंडवणे

अवश्य लिहावे, आणि फ्रिजवर लावावे. 😀

डोंगरशाळा

एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा राहून गेला. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते आणि नंतर उच्चारली जाते. मूल 'किती' लिहिताना आधी क काढते आणि मग वेलांटीसाठी डावीकडे जागा शोधते. यासाठी वेलांटीचे कार्ड पारदर्शक प्लास्टिकवर करावे, साड्यांच्या खोक्यांवरचे झाकण पुरते. ते अक्षरावर ठेवले की क चा कि होतो. म्हणजे मुलाला वेलांटी आधी की नंतर हे कोडे पडत नाही, ते 'कि' हे एकच अक्षर म्हणून पाहते. कार्डे करताना ल सगळीकडे एकाच वळणाचा ठेवावा. बाजारच्या एका तक्त्यावर पाकळीचा आणि दुसऱ्यावर दंडाचा ल असतो आणि मुलांना ती दोन अक्षरे वाटतात.

अक्षरवेल

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यापासून काय करायचे, ते ठरवले आहे.

हजेरी पुकारणे बंद करून प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी दाराशी ठेवणार आहे. सकाळी आल्यावर आपली पट्टी शोधून फळ्यावर लावायची. वर्गात आरव, आर्या आणि आरोही आहेत, त्यामुळे सुरुवात सारखी असूनही शेवट वेगळा, हे मला शिकवावे लागणार नाही, भांडणातूनच निघेल. क, म, ल, र, आ आणि काना हा गट डोंगरशाळा यांच्या पद्धतीने कार्डांवर घेईन. गोष्ट, चित्र आणि एक वाक्य हे आठवड्यातून दोनदा, कारण सगळ्या मुलांची वाक्ये लिहून घ्यायला मला तेवढा वेळ लागणारच. पाण्याच्या ब्रशचे काम मावशी पाहतील. कापूस बंद.

रव्याबद्दल कोणी फार लिहिले नाही, पण तोही सोडते आहे. काही पालकांना अन्नाशी खेळणे आवडत नाही आणि मुंग्यांना फारच आवडते. रांगोळीची धूळ नाकात जाते, म्हणून ताटात चाळलेली जाडसर वाळू वापरेन. गणपतीच्या आधी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून शाडू आणून वळ्यांची अक्षरे करण्याचाही विचार आहे. त्यातही वळी अक्षराच्या दिशेनेच फिरवायची आणि आवाज म्हणायचा, ही सावली यांची अट पाळेन.

प्रश्न पालकसभेचा उरतो. भरलेल्या वहीऐवजी काय दाखवू?

निशिगंध

प्रत्येक मुलाचे जूनमधले चित्र आणि त्याखालचे वाक्य जपून ठेवा. दिवाळीच्या आधीचा कागद त्याच्या शेजारी लावा आणि पालकांना दोन्ही कागद मुलाबरोबर बसून पाहू द्या. वहीची तुलना शेजारच्या मुलाशी होते, इथे ती त्याच मुलाशी होते. शिवाय सभेतच पालकांना कार्डांवर 'मामा काल आला' रचायला लावा, मुलांनी ते रचलेले पाहण्यापेक्षा पालकांनी स्वतः केलेले त्यांना जास्त पटते.

कोथरूडचा_बाबा

कार्डे लांबून जवळ आणण्याचा प्रयोग केला. 'घर' आले, 'कमल' अजून नाही, पण 'मामा' मात्र तो आता न थांबता म्हणतो. आता एक प्रश्न सावली ताईंना : पॉलिश पेपरची अक्षरे घरी करायची तर कोणता पेपर घ्यावा? दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्याच तुकड्याने माझेच बोट सोलवटले.

सावली_एरंडवणे

लाकूडकामाच्या शेवटच्या हातासाठी वापरतात तो बारीक दाण्याचा पेपर मागा आणि घेण्याआधी बोट फिरवून पाहा, खरखर जाणवली पाहिजे पण टोचता कामा नये. अक्षर पेपरच्या पाठीवर आखणार असाल तर ते उलटे आखावे लागते, नाहीतर कापून सरळ केल्यावर आरशातला क हाती येतो. जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा, म्हणजे पुठ्ठा वळणार नाही. सुरुवातीच्या बिंदूवर लाल ठिपका द्यायला विसरू नका. सगळी अक्षरे एकदम करत बसू नका, आधी क, म, ल आणि र पुरेत.